हातचं सोडून पळत्याच्या पाठी? (फँटसी फुटबॉल : पहिल्या वर्षाचा रनिंग बॅक घ्यावा का)

निशिगंधा_जर्सी | २४ ऑगस्ट २०२५

मंडळी, मदत हवी आहे. ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आपापल्या कागदी संघात घ्यायचे, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला) यंदा पहिल्यांदाच नाव दिलंय. म्हणजे दिलं नाही, दिलं गेलं. एक जण ऐनवेळी गळला आणि बाराचा आकडा भरायला मी सापडले. ड्राफ्ट ३१ तारखेला, रविवारी रात्री आठला. त्याच दिवशी घरी गौरी येणार. तेव्हा एका हाताने भाजी परतत दुसऱ्या हाताने खेळाडू निवडायचे आहेत, हे लक्षात ठेवून सल्ला द्या.

बारा संघ, स्नेक ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू निवडायचे, दर फेरीला क्रम उलटा), पूर्ण पीपीआर. माझा नंबर नववा. म्हणजे पहिल्यांदा ९, मग १६, ३३, ४०, ५७ असं पुढे. सगळीकडे एकच नाव वाचतेय, रेडर्सचा अ‍ॅश्टन जेन्टी. एनएफएलचा (इथली व्यावसायिक लीग) एकही खरा सामना न खेळलेल्या पोराला पहिल्या-दुसऱ्या फेरीत घ्यायचं? आमचा बॉस त्याच्यावर डोळा ठेवून आहे, त्यामुळे मलाही तो हवाहवासा वाटायला लागलाय. घ्यावा का?

सदाशिव_पेठी | २४ ऑगस्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण आधी रनिंग बॅक म्हणजे काय ते कुणीतरी सांगा. आणि हे पीपीआर प्रकरण काय आहे?

ओहायोचा_बंड्या | २४ ऑगस्ट

कबड्डीतला चढाईपटू आठवा. फक्त समोर सातऐवजी अकरा जण आणि त्यातल्या काहींचं वजन सव्वाशे किलोच्या वर. चेंडू पोटाशी धरून त्या भिंतीत शिरायचं. धावून दहा यार्ड काढले की तुम्हाला एक गुण, टचडाउनला सहा. पीपीआरमध्ये झेललेल्या प्रत्येक पासला वर एक गुण. रुकी म्हणजे कॉलेजातून यंदाच आलेला.

ताई, माझं मत विचाराल तर जेन्टी डोळे मिटून घ्या. गेल्या वर्षी बॉइझी स्टेटसाठी २६०१ यार्ड धावलाय. बॅरी सँडर्सचा १९८८ सालचा विक्रम २६२८. अवघ्या २७ यार्डांनी हुकला. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातली पोरं संघ आळीपाळीने निवडतात त्यात, रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर उचलला तो उगाच नाही.

खडूस_काका | २४ ऑगस्ट

बॅरी सँडर्सने ते २६२८ अकरा सामन्यांत केले होते. जेन्टीला चौदा लागले. आणि समोर कोणते संघ होते तेही बघा जरा.

ओहायोचा_बंड्या | २४ ऑगस्ट

काका आले! आता धागा शंभरी गाठणार. (ह.घ्या.)

जुना_खेळ्या | २५ ऑगस्ट

निशिगंधा, नीट लिहितो, जरा लांबेल.

प्रश्न 'पोरगा चांगला आहे का' हा नाहीच. चांगला आहेच. प्रश्न असा की त्याच्या हातात चेंडू किती वेळा पडणार. आरबीचं, म्हणजे रनिंग बॅकचं, सगळं गणित तिथे आहे. त्याच्या पुढे रांगेत कोण उभा आहे, ते आधी पाहायचं.

२०१७ सालचा करीम हंट घे. चीफ्सनी तिसऱ्या फेरीत ८६ व्या क्रमांकावर घेतलेला. त्याच्या पुढे स्पेन्सर वेअर होता. सराव सामन्यात वेअरचा गुडघा गेला आणि हंट थेट पहिल्या जागी आला. पेट्रियट्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात पहिल्याच धावेला चेंडू हातातून निसटला. तरी कोचने त्याला बसवलं नाही, कारण मागे त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्याच सामन्यात त्याने एकूण २४६ यार्ड काढले आणि मोसमाअखेर १३२७ यार्डांसह धावण्यात लीगमध्ये पहिला आला.

आता २०२०. पुन्हा चीफ्स, पुन्हा तीच गोष्ट, निदान आम्हाला तसं वाटलं. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर पहिल्या फेरीत शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर आला. कोविडमुळे डेमियन विल्यम्सने त्या वर्षी न खेळायचं ठरवलं. रांग रिकामी, संघ जगज्जेता, क्वार्टरबॅक (पास टाकणारा) महोम्स. मी पहिल्या फेरीत घेतला आणि लीगमधल्या लोकांना वर हसलो. पहिल्या सामन्यात १३८ यार्ड. मी घरी गुलाबजाम केले. पण वर्षभरात मिळून ८०३ यार्ड आणि धावून फक्त चार टचडाउन. मध्येच चीफ्सनी लव्हॉन बेलला आणलं आणि भागीदारी सुरू झाली. त्या सगळ्यात चूक त्या पोराची नव्हती. भाव मी चढा दिला होता.

त्याच वर्षी जोनाथन टेलर ४१ व्या क्रमांकावर कोल्ट्सकडे गेला. पहिल्याच सामन्यात पुढच्या मार्लन मॅकची टाच गेली, तरी टेलर महिना-दोन महिने चाचपडत होता. मधे त्याच्याआधी दुसऱ्यांना चेंडू मिळायचा. लोकांनी कंटाळून सोडून दिला. शेवटच्या सामन्यात २५३ यार्ड! 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण इथे उलटी लागते. रुकी आरबीचे ते नऊ दिवस बहुधा दिवाळीनंतर येतात.

म्हणून माझा नियम : रुकी स्वस्तात मिळाला तर घ्यायचा, आणि घेतला की दिवाळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

लेकी_बोले | २५ ऑगस्ट

खेळ्यांना अनुमोदन, पण एक भर. रांगेबरोबर आणखी एक गोष्ट बघा : ब्लॉकिंग. हे कुणी सांगत नाही. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) पास टाकायचा असतो तेव्हा आरबीने क्वार्टरबॅकच्या शेजारी उभं राहून येणारा लाइनबॅकर, म्हणजे समोरचा बचावपटू, अंगावर घ्यायचा असतो. कुठून येणार ते चेंडू सुटण्याआधी ओळखावं लागतं. कॉलेजात ही पोरं बहुतेक वेळ स्वतःच पळत असतात, त्यांना हे येत नाही. एकदा जरी चुकला आणि चाळीस-पन्नास मिलियनचा क्वार्टरबॅक जमिनीवर आपटला, की कोच पोराला तिसऱ्या डाउनला बाहेर बसवतो. पास झेलायची संधी नेमकी तिसऱ्या डाउनलाच जास्त. म्हणजे पीपीआरमध्ये तुमचे गुण गेले.

झेल किती महत्त्वाचे ते बघा. सॅकॉन बार्कलीने २०१८ च्या पहिल्या वर्षात ९१ झेल घेतले. ९१ गुण नुसते हात पुढे करून! नाजी हॅरिस २०२१ मध्ये १२०० यार्ड धावला, त्याचे १२० गुण, आणि ७४ झेलांचे ७४ वेगळे. जेन्टीने गेल्या वर्षी फक्त २३ झेल घेतले म्हणून लोक नाकं मुरडतात, पण २०२३ मध्ये त्याचे ४३ झेल होते. हात चांगले आहेत. गेल्या वर्षी ३७४ वेळा धावायला लावल्यावर झेलायला वेळ कुठून मिळणार?

निशिगंधा_जर्सी | २५ ऑगस्ट

बाप रे. ब्लॉकिंगचं हे माहीतच नव्हतं. म्हणजे पळता येणं पुरेसं नाही, मार खाता पण यायला हवा. मग यंदाच्यांपैकी तो कुणाला येतो?

ओहायोचा_बंड्या | २५ ऑगस्ट

आता माझा विषय! ट्रेव्हेयॉन हेंडरसन. आमचा ओहायो स्टेटचा. पेट्रियट्सनी ३८ व्या क्रमांकावर घेतला. येणाऱ्या माणसाला अंगावर घेण्यात यंदाच्या सगळ्या आरबींत तो वरचा. आणि वेग? ८ ऑगस्टला वॉशिंग्टनविरुद्धच्या सराव सामन्यात पहिल्याच किकऑफला चेंडू हातात आला तो थेट १०० यार्ड पळून टचडाउन. मी सोफ्यावरून उडालो, बायकोला वाटलं फोनवर काही वाईट बातमी आली.

गेल्या मोसमात हेंडरसन आणि क्विन्शॉन जडकिन्स दोघांनी मिळून आम्हाला जगज्जेतेपद दिलं. दोघेही हजार यार्डांच्या वर. अर्धं अर्धं काम करून! म्हणजे अंगात झीज कमी. ही गोष्ट महत्त्वाची आहे.

खडूस_काका | २५ ऑगस्ट

जगज्जेतेपद? कॉलेजच्या स्पर्धेला? ओहायोच्या बाहेरही जग आहे म्हणतात.

आणि हेंडरसनच्या पुढे रमाँड्रे स्टीव्हन्सन आहे. एका सराव सामन्यातल्या किकवरून भाव वर गेला. पी हळद हो गोरी.

सदाशिव_पेठी | २५ ऑगस्ट

अवांतर : तुम्ही लोक हे पैसे लावून खेळता का? इकडे गेल्याच आठवड्यात ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक आयपीएलमध्ये रोज संघ लावायचे. आता संध्याकाळी गेटपाशी नुसते उभे असतात.

निशिगंधा_जर्सी | २५ ऑगस्ट

नाही हो, पैसे नाहीत. शेवटी येणाऱ्याने महिनाभर सगळ्यांसाठी कॉफी आणायची. माझ्यासाठी ते पैशांपेक्षा वाईट आहे, आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायम बंद.

लेकी_बोले | २६ ऑगस्ट

मी सॅन डिएगोची, म्हणजे चार्जर्स २०१७ मध्ये आम्हाला सोडून एलएला गेले त्या गावची. तरी सवयीने त्यांचं सगळं बघते. ओमॅरिऑन हॅम्प्टनवर नजर ठेवा. पहिल्या फेरीत २२ वा गेला. अंगाने भरलेला, नॉर्थ कॅरोलायनाला भरपूर धावलेला, आणि कोच जिम हार्बॉ, ज्याला चेंडू पळवायला आवडतो.

अडचणी दोन. एक, रांगेत नाजी हॅरिस. ४ जुलैला फटाक्याने त्याच्या डोळ्याला दुखापत झाली, त्यामुळे सगळी तालीम हॅम्प्टनला मिळाली. दुसरी अडचण मोठी आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही : डावा टॅकल रशॉन स्लेटर. त्याचा मोठा करार झाला आणि दोन आठवड्यांच्या आत सरावात गुडघ्याचं लिगामेंट तुटून वर्ष गेलं. समोर वाट मोकळी करणारेच नसतील तर आरबी कितीही चांगला असो, भिंतीवर डोकं आपटणार.

जेन्टीचंही तेच आहे. रेडर्सची वाट मोकळी करणारी ओळ काही फार भारी नाही.

जुना_खेळ्या | २६ ऑगस्ट

लेकी, लिगामेंट नाही, गुडघ्याच्या वाटीचा टेंडन. बाकी सगळं शंभर टक्के.

लेकी_बोले | २६ ऑगस्ट

बरोबर. डॉक्टरच्या बायकोने तरी चुकायला नको होतं.

खडूस_काका | २६ ऑगस्ट

माझं सरळ मत. पहिल्या दोन फेऱ्यांत रुकी नको. हातात आलेला माहीत असलेला खेळाडू सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. आपल्या पूर्वजांनी ही म्हण आरबीसाठीच केली असावी.

२०१२ मध्ये ट्रेंट रिचर्डसन तिसऱ्या क्रमांकावर गेला. पहिल्या वर्षी ९५० यार्ड, धावून ११ टचडाउन, लोक खूश. दर धावेला सरासरी ३.६ यार्ड, ते कुणी बघितलं नाही. पुढच्या सप्टेंबरात ब्राउन्सनी विकून टाकला. घेणाऱ्यांनी पहिल्या फेरीचा पिक दिला.

ओहायोचा_बंड्या | २६ ऑगस्ट

काका, पण २०१६ चा झीक एलियट? चौथा गेला, १६३१ यार्ड, लीगमध्ये पहिला. ज्यांनी घेतला ते जिंकले. तुमच्यासारखे लोक १९८३ चे सामने बघत बसले असतील.

आणि गेल्या वर्षीचा बकी अर्व्हिंग? चौथ्या फेरीत १२५ वा. त्याच्या पुढे रशाद व्हाइट होता. तरी ११२२ यार्ड काढले. आणि गेल्या वर्षी ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी गेलेला आरबी कोण? पँथर्सचा जोनाथन ब्रुक्स. गुडघ्यातून सावरत होता, तीन सामने खेळला आणि तोच गुडघा पुन्हा गेला. क्रमांकावर जाऊ नका हो.

जुना_खेळ्या | २६ ऑगस्ट

बंड्या, तू नकळत माझ्याच बाजूचा मुद्दा मांडलास. अर्व्हिंग घ्यायला पहिली फेरी लागत नव्हती.

२०२३ बघ. बिजान रॉबिन्सन आठवा गेला, जामिर गिब्ज बारावा. दोघेही गुणी. बिजानने ९७६ यार्ड काढले, पण त्याच संघात टायलर अल्जियरने ६८३ काढले. गिब्जने ९४५, त्याच्या शेजारी डेव्हिड माँटगोमेरीने १०१५. आज दोघेही पहिल्या चार-पाचांत जातात. पण पहिल्या वर्षी कोचला घाई नसते. चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या हातात. त्याला पोराला जपून वापरायचं असतं. आपल्याकडे मात्र सतरा आठवडे असतात.

निशिगंधा, माझं म्हणणं इतकंच. ९ ला जेन्टी नको, तिथे पक्का रिसीव्हर (पास झेलणारा) घे. १६ ला जेन्टी उरला तर घे, कारण त्याच्या पुढे रांगच नाही. नाही उरला तर वाईट वाटून घेऊ नकोस. ४० ला हॅम्प्टन, ५७ ला हेंडरसन, यांपैकी एक. दोन्ही घेऊ नकोस. दोन रुकी म्हणजे घरात दोन दहावीची मुलं.

आणि पेट्रियट्सचा बाय (सुट्टीचा आठवडा) १४ व्या आठवड्यात आहे, प्लेऑफच्या तोंडावर, ते लक्षात ठेव.

निशिगंधा_जर्सी | १ सप्टेंबर

झालं. गौरी आल्या, ड्राफ्ट झाला, सोळा भाज्यांची तयारी अजून चालू आहे.

९ ला अमॉन-रा सेंट ब्राउन. जेन्टी १३ व्या पिकला गेला, आणि कुणी घेतला? बॉसने. त्याचा बारावा नंबर, लागोपाठ दोन पिक. १६ ला जॉश जेकब्ज घेतला. ४० ला हॅम्प्टन. मग ५७ ला समोर हेंडरसन दिसला आणि खेळ्या, सॉरी, मी दोन्ही घेतले. सासूबाई विचारत होत्या, हे कोण? मी म्हटलं, दहावीची मुलं.

जुना_खेळ्या | १ सप्टेंबर

घ्या. आता दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. लेखी दे.

निशिगंधा_जर्सी | २९ सप्टेंबर

आठवडाभर झोप नव्हती, आता आहे. काल हॅम्प्टन इथे जर्सीतच जायंट्सविरुद्ध १२८ यार्ड धावला, त्यात एक ५४ यार्डांचं टचडाउन. जायंट्स जिंकले म्हणून ऑफिस खूश, हॅम्प्टन धावला म्हणून मी खूश. नाजी हॅरिसची टाच गेल्या आठवड्यात गेली, वाईट झालं, पण रांग रिकामी झाली.

बॉस मात्र त्याहून खूश. पहिले तीन आठवडे जेन्टीवरून त्याला सगळे चिडवत होते. काल बेअर्सविरुद्ध १३८ यार्ड आणि तीन टचडाउन. म्हणतात तो पुन्हा कॉलेजातल्यासारखा ताठ उभा राहून सुरुवात करायला लागला म्हणून.

हेंडरसन अजून बेंचवर झोपलाय.

खडूस_काका | २९ सप्टेंबर

झोपू दे.

निशिगंधा_जर्सी | ६ ऑक्टोबर

हॅम्प्टनचा घोटा गेला. चार आठवडे तरी नाही. आणि त्याच सामन्यात समोरच्या वॉशिंग्टनकडून सातव्या फेरीतला क्रॉस्की-मेरिट १११ यार्ड धावला, दोन टचडाउन. तो आमच्या लीगमध्ये शेवटच्या फेरीत एका इंटर्नने घेतलाय. ब्रायन रॉबिन्सनला त्यांनी ऑगस्टमध्ये विकलं तेव्हाच रांग बघायला हवी होती ना?

लेकी_बोले | ६ ऑक्टोबर

हो. पण हे आता कळतंय सगळ्यांना. हॅम्प्टनला दुखापतीच्या जागेवर टाका, सोडू नका. आणि चार्जर्सच्याच किमानी व्हिडालवर लक्ष ठेवा.

निशिगंधा_जर्सी | १५ ऑक्टोबर

व्हिडाल मिळाला! रविवारी डॉल्फिन्सविरुद्ध १२४ यार्ड. वेव्हरवर (कुणाच्याच संघात नसलेले खेळाडू मिळतात तिथे) बोली लावून घेतला. जागा करायला कुणाला तरी काढायला लागलं. हेंडरसनला काढलं. सहा आठवडे वाट बघितली, स्टीव्हन्सनच खेळतोय.

जुना_खेळ्या | १५ ऑक्टोबर

दिवाळी सहा दिवसांवर होती ग.

निशिगंधा_जर्सी | २४ ऑक्टोबर

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. काल रात्री व्हिडालने वायकिंग्जविरुद्ध ११७ यार्ड आणि टचडाउन काढलं, हे फक्त कळवायला आले. खेळ्या, वाचताय ना?

जुना_खेळ्या | २४ ऑक्टोबर

वाचतोय. फराळ चालू आहे. अभिनंदन.

ओहायोचा_बंड्या | ९ नोव्हेंबर

बघताय ना?? बघताय ना?? हेंडरसन! टँपाविरुद्ध १४७ यार्ड, दोन लांबच लांब टचडाउन! माझा पोरगा! आता कुणी म्हणा पी हळद!

खडूस_काका | ९ नोव्हेंबर

म्हणत नाही. चांगला पळाला.

निशिगंधा_जर्सी | १० नोव्हेंबर

ऑक्टोबरमध्ये मी त्याला सोडलं तेव्हा कुणी उचलला ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं. आज बघितलं. बॉसने. आणि या आठवड्यात माझा सामना त्याच्याशी आहे. पेट्रियट्स गुरुवारी जेट्सशी.

निशिगंधा_जर्सी | १४ नोव्हेंबर

काल रात्री तीन टचडाउन. दोन धावून, एक झेलून. सकाळी माझ्या टेबलावर कुणीतरी कॉफीच्या दुकानाचं मेन्यूकार्ड ठेवलंय.

लेकी_बोले | १४ नोव्हेंबर

अजून रविवार आहे हो. सोमवारी रात्री तुमचं कुणी आहे का? काउबॉइज आणि रेडर्स आहेत.

निशिगंधा_जर्सी | १४ नोव्हेंबर

माझं कुणी नाही. त्याचा जेन्टी आहे.